नवाच्या पाढ्यातला आवाज

मंडळी, आज सुरुवातीलाच एक सोपं गणित घालते. पाटी-पेन्सिल लागणार नाही, तोंडी जमेल. हे आकडे बघा: ५५८, ७९२, ९६३, १०४४, ११४३, १२५१, १२८७, १३०५. यांच्यात समान काय?

हे आकडे ज्यांना ओळखीचे वाटले ते बहुधा माझ्याच वयाचे असणार! ही आपल्या आकाशवाणी केंद्रांची मीडियम वेव्हवरची घरं. ५५८ आणि १०४४ मुंबईची, ७९२ पुण्याचं, ९६३ जळगावचं, ११४३ रत्नागिरीचं, १२५१ सांगलीचं, १२८७ पणजीचं आणि १३०५ परभणीचं. आता गणिताचं उत्तर. यातल्या प्रत्येक आकड्याला नवाने नि:शेष भाग जातो. विश्वास नसेल तर अंकांची बेरीज करून बघा. सात अधिक नऊ अधिक दोन, अठरा. एक अधिक दोन अधिक पाच अधिक एक, नऊ. चौथीतल्या मुलालाही ही युक्ती येते.

हा योगायोग नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. विज्ञानाशी माझा संबंध शिक्षक-खोलीतल्या चहापुरता. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते, त्यांना रेडिओचं वेड होतं. मधल्या सुट्टीत ते खडूने टेबलावरच लहरी काढून दाखवायचे. (टेबल पुसायचं काम शिपाईमामांचं!) त्यांच्याकडून जे कळलं आणि नंतर वाचून जे पडताळलं ते आज लिहिते आहे. कारण मीडियम वेव्हचा रेडिओ, म्हणजे ज्याला ए.एम. म्हणतात तो, आता जवळजवळ संपत आला आहे. "खरखर करायचा, एफ.एम. आलं आणि गेला", असं एका वाक्यात त्याचं वर्णन केलं जातं. वाक्य खोटं नाही. पण इतिहासाच्या मास्तरणीला एका वाक्यातले इतिहास पटत नाहीत. :-)

तर आधी ए.एम. म्हणजे काय ते सरांच्या पद्धतीने सांगते. माणसाचा आवाज हाकेच्या अंतरापलीकडे जात नाही. रेडिओची लहर शेकडो किलोमीटर जाते, पण ती मुकी असते. मग मुक्या लहरीच्या खांद्यावर आवाज बसवायचा कसा? ए.एम.मध्ये त्या लहरीची उंची आवाजाबरोबर कमीजास्त करतात. बोलणारा जोरात बोलला की लहर उंच, हळू बोलला की बुटकी. ऐकणाऱ्याच्या सेटने करायचं काय, तर त्या लहरींच्या माथ्यावरून जाणारी रेघ तेवढी वाचायची.

हे इतकं सोपं आहे की त्याला वीजसुद्धा लागत नाही. आमचे सर दरवर्षी आठवीच्या मुलांकडून एक रेडिओ करून घेत. तारेचं वेटोळं, एक जर्मेनियमचा डायोड, कानाला लावायचा इयरफोन आणि झाडावर टाकलेली लांब तार. ना सेल, ना वायर. केंद्र जवळ असेल तर लहरीच्या स्वतःच्या ताकदीवर कानात आवाज यायचा. मुलं अक्षरशः उड्या मारायची. एफ.एम. किंवा इंटरनेटचं असं घरगुती यंत्र कुणी करून दाखवावं!

पण हा सोपेपणाच पुढे आडवा आला. सेट फक्त लहरीची उंची वाचतो. आणि वीज कडाडली की तीही हवेतल्या लहरीची उंची वाढवते. सेटला बिचाऱ्याला काय कळणार, हा निवेदक आणि हा वळीव! तो दोन्ही इमानदारीने ऐकवतो. आमच्या घाटाकडच्या गावात मे महिन्याच्या शेवटी रेडिओ खरखरायला लागला की बायका वाळवणं आत घ्यायच्या. आकाशात ढग दिसायच्या आधी रेडिओला पाऊस कळायचा.

आता त्या नवाकडे येऊ. आवाज अंगावर घेतलेली लहर आपल्या आकड्यावर सरळ रेषेसारखी उभी राहत नाही. ती दोन्ही बाजूंना पसरते. आवाज जितका बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, तितकी जास्त पसरते. म्हणून दोन केंद्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं, नाहीतर एकाचं गाणं दुसऱ्याच्या बातम्यांत घुसायचं. हे अंतर किती असावं यावर १९७५ साली जिनिव्हाला मोठी परिषद झाली आणि युरोप, आफ्रिका, आशिया यांनी मिळून ठरवलं, नऊ किलोहर्ट्झ. त्याआधी आशियात साधारण दहाचं अंतर असे. २३ नोव्हेंबर १९७८ पासून नवी मांडणी अमलात आली. ५३१ पासून १६०२ पर्यंत, नवानवाच्या उड्या मारत. वजाबाकी करून नवाने भागा आणि त्यात एक मिळवा, १२० जागा भरतात. एवढ्याशा चाळीत तीन खंडांची बिऱ्हाडं बसवायची होती!

बिऱ्हाडं बसली, पण खोल्या अरुंद झाल्या. नवाची खोली म्हणजे आकड्याच्या अलीकडे साडेचार आणि पलीकडे साडेचार. त्यामुळे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यात मावत नाही. काही केंद्रं थोडं जास्त पाठवत, तर सेटच ते छाटून टाकी. तरुण माणसाच्या कानाला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, एफ.एम.वर पंधरापर्यंत मिळतं, आणि मीडियम वेव्हवर साडेचार. तंबोऱ्याच्या जव्हारीतली बारीक झळाळी, टाळांचा किणकिणाट, चाटेवरच्या बोटाचा कडकपणा हे सगळं या रेषेच्या वर राहतं. 'स' या अक्षराचा सळसळता भागही बराचसा वरच असतो. फोनवर आपण "स, सशातला स" असं सांगतो ना, तेच कारण. फोनची खोली तर याहूनही अरुंद.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि वर्षभर चाललं. गदिमांची ५६ गीतं, बाबूजींचं संगीत. घराघरात लोकांनी ते ऐकलं ते असंच, वरचा पडदा कापलेल्या आवाजात. आज तीच गीतं स्वच्छ ऐकू येतात तेव्हा त्यात वाद्यांच्या कितीतरी बारीक हालचाली सापडतात. पण शब्द? शब्द तेव्हाही एकूण एक कळत होते. मला नेहमी वाटत आलं आहे की आकाशवाणीचं ते संथ, स्वच्छ, प्रत्येक अक्षराला जागा देणारं मराठी नुसत्या संस्कारातून आलेलं नाही. खोली अरुंद होती आणि बाहेर वळीव कडाडत होता, म्हणून ते तसं बोलावंच लागत असणार. हे माझं मत, पुरावा मागू नका. पण आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी वर्गात कसं बोलावं ते रेडिओकडूनच उचललं.

मग प्रश्न येतो, एवढ्या अडचणी होत्या तर जगाने हेच का धरून ठेवलं? उत्तर एका शब्दात, पल्ला. मीडियम वेव्हची लहर जमिनीला बिलगून चालते. डोंगराच्या पलीकडे उतरते, दरीत शिरते. शंभर किलोवॅटचं केंद्र असेल तर दिवसाउजेडी शंभर-दोनशे किलोमीटर सहज. आणि घेणारं यंत्र स्वस्तात स्वस्त. आपल्यासारख्या गरीब आणि पसरलेल्या देशाला आणखी काय हवं होतं?

अर्थात सुरुवात अगदी लहान होती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. ताकद दीड किलोवॅट, पल्ला तीसेक मैल. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं आणि १९५७ मध्ये आकाशवाणी. १९४७ साली आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली. देशाचं अडीच टक्के क्षेत्र आणि अकरा टक्के लोक, एवढ्यांनाच रेडिओ ऐकू येत होता. पुढच्या साठेक वर्षांत तोच आकडा, आकाशवाणीच्या हिशेबाने, क्षेत्राच्या ९२ टक्क्यांवर आणि लोकसंख्येच्या ९९ टक्क्यांवर गेला. यात मोठा वाटा मीडियम वेव्हचा. वीज, रस्ता, शाळा, दवाखाना, यांतलं काहीही ज्या वाडीवर पोचलं नव्हतं तिथे आवाज पोचला होता.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, एक प्रयोग झाला. जगभर ज्याचा अभ्यास झाला तो प्रयोग आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट बसवले. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. गटाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, काय ठरलं ते वहीत उतरवायचं आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. ऐका, चर्चा करा, आणि करून दाखवा, असं सूत्र होतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. गट असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, तेव्हा गटांच्या गावांतल्या लोकांची माहिती बरीच जास्त वाढलेली आढळली. आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचं त्यावरचं पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये काढलं, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर न्यायचं ठरलं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. तेव्हा उत्तर साताऱ्यातल्या एका गावी होते आणि तिथल्या गटाची वही त्यांच्याकडे असायची. मी सहा वर्षांची होते, त्यामुळे चर्चा काय व्हायच्या ते विचारू नका. पण वडील पुढे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. चावडीत जे बसायचे त्यांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असायच्या, कोण घोंगडीवर, कोण उंबऱ्याशी, कोण पायरीखाली. रेडिओच्या गटात सगळ्यांना गोल बसवायचं अशी सूचना होती, कारण आवाज सगळ्यांना सारखा यायला हवा. दोन-तीन बैठका कुरबुर झाली, मग झाली सवय. वडील म्हणायचे, "खतांचं कुणाच्या किती लक्षात राहिलं देव जाणे, पण ते गोल बसणं राहिलं." (पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात पुढे व्यंकटेश माडगूळकरांनी बरीच वर्षं काम केलं. गावाकडच्या माणसाशी गावाकडच्या बोलीत बोलायचं, ही त्या केंद्राची शिस्त होती.)

हे झालं दिवसाचं. मीडियम वेव्हची रात्र वेगळीच.

दिवसा सूर्यामुळे आकाशात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो, तो या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याच्याही वर जातात, वरच्या थरांवर आपटून खाली येतात, आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर उतरतात. आकाशात असे थर आहेत हे ॲपल्टन या शास्त्रज्ञाने १९२४ साली प्रयोगाने दाखवलं, आणि त्यासाठी १९४७ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. आपल्याला मात्र ते नोबेलशिवायही ठाऊक होतं! जेवणं झाली की काटा जरा फिरवला, तर कुठली कुठली केंद्रं लागायची. कानडी, गुजराती, उर्दू, कधी अजिबात न कळणारी भाषा. आवाज लाटेसारखा यायचा, मोठा व्हायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. सेट थोडा तिरका फिरवला की एक केंद्र जाऊन दुसरं यायचं, कारण आत जो फेराइटचा दांडा असतो त्याला दिशा कळते. रेडिओ सिलोन आपण ऐकायचो ते शॉर्ट वेव्हवर, पण तेही ए.एम.च, आणि त्याचंही येणं-जाणं याच आकाशाच्या मर्जीवर. १९५२ मध्ये केसकर मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली, त्याच वर्षी सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. दिल्लीने बंद केलेलं दार आकाशाने उघडलं, असं म्हणायला हरकत नाही. आकाशवाणीने शहाणपण शिकून १९५७ मध्ये विविध भारती काढली.

पण हीच रात्र ए.एम.ची डोकेदुखीही होती. जे लांबचं केंद्र आपल्याला हवं तेव्हा येतं, ते नको तेव्हाही येतं. १२० खोल्यांच्या चाळीत एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडं होती, एकमेकांपासून लांब म्हणून दिवसा भांडण नसे. रात्री भिंती विरघळायच्या आणि सगळे एकदम बोलायला लागायचे.

या रात्रीचा मुद्दाम उपयोग करून घेणारी एक योजना आपल्या नागपूरला झाली. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरहून, १५६६ वर. (भागा नवाने!) ट्रान्समीटर एक हजार किलोवॅटचा. मुंबईच्या पहिल्या केंद्राच्या साडेसहाशे पटींहून अधिक. नागपूर देशाच्या मध्याशी, आणि वाहिनी फक्त रात्रीची, संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपणारी. रात्रीच्या आकाशाला आरशासारखं वापरून एका जागेवरून देशाच्या मोठ्या भागापर्यंत पोचायचं, अशी ती कल्पना. ट्रकवाले, पहारेकरी, रात्रपाळीचे कामगार, शेताला पाणी द्यायला जागणारे शेतकरी, आणि माझ्यासारख्या झोप न येणाऱ्या बायका, हे तिचे श्रोते. डिसेंबर २०१८ मध्ये प्रसार भारतीने काटकसरीच्या कारणाने ती बंद करायचा निर्णय घेतला. तीस वर्षं चालली.

आता प्रतिस्पर्ध्याकडे वळू. एफ.एम.चा जनक एडविन आर्मस्ट्राँग, अमेरिकेतला. गंमत अशी की १९१८ मध्ये याच माणसाने सुपरहेटरोडाइन नावाची जी रचना शोधली तिच्यावरच पुढे जगातले बहुतेक सगळे ए.एम. सेट चालले. म्हणजे ए.एम.चं घर त्याने बांधलं आणि सुरुंगही त्यानेच लावला! त्याने विचार केला, वीज जर लहरीची उंची बिघडवते, तर आवाज उंचीवर ठेवायचाच कशाला? लहरी किती भरभर येतात त्या वेगावर ठेवू. उंचीत जो काही धुमाकूळ होईल तो सेटने सरळ छाटून टाकायचा. १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आवाज इतका स्वच्छ की ऐकणारे चकित झाले. पण मोठ्या रेडिओ कंपनीशी वाद, कोर्टकचेऱ्या, त्यातच १९४५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगाने एफ.एम.चा पट्टाच बदलला आणि आधीचे सेट निकामी झाले. थकलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, खटले चालू ठेवले आणि जिंकले, शेवटचा १९६७ साली. या बाईवर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

आपल्याकडे एफ.एम. आलं ते २३ जुलै १९७७ ला, मद्रासला. तारीख बघा, मुंबई केंद्राला बरोबर पन्नास वर्षं झाली होती त्या दिवशी. पुढे २००१ पासून खाजगी एफ.एम. केंद्रं आली आणि शहरांचं ऐकणंच बदललं.

पण स्वच्छपणाची किंमत असते. एफ.एम.च्या एका केंद्राला दोनशे किलोहर्ट्झची जागा लागते, म्हणजे मीडियम वेव्हच्या बावीस खोल्या पाडून केलेला एक दिवाणखाना. एवढी ऐसपैस जागा फक्त खूप वरच्या पट्ट्यात मिळते, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. आणि त्या पट्ट्यातली लहर जमिनीला बिलगत नाही, ती जवळजवळ सरळ रेषेत चालते. डोंगर आडवा आला की बाजूला सावली. म्हणून तर दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर चढवावा लागला, सरळ रेषेची तीच अडचण. सपाट प्रदेशात ठीक आहे. आमच्या सह्याद्रीत प्रत्येक दरीला वेगळा मनोरा कोण देणार? शिवाय खाजगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या द्यायला सुरुवातीपासून मनाई. म्हणजे गाणी भरपूर, पण पूर आला, पूल वाहून गेला, तर सांगायचं काम पुन्हा जुन्या आकाशवाणीचंच.

तरी ए.एम.ला एकट्या एफ.एम.ने मारलं असं मला वाटत नाही. त्याला मारायला आपलं घरच पुढे आलं. पूर्वी आकाशातली वीज तेवढी खरखर करायची, तीही पावसाळ्याच्या तोंडावर. मग ट्यूबलाइट आली, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले, टीव्ही, संगणक, मोबाइलचे चार्जर, आणि आता एल.ई.डी. दिवे. यांतली कितीतरी यंत्रं आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि त्याचे शिंतोडे बरोबर मीडियम वेव्हवर उडतात. मागच्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात एक स्वस्तातला नवा दिवा लावला, तो लागला की रेडिओ नुसता गुरगुरतो. दिवा विझवला की सकाळच्या बातम्या ऐकू येतात. अंधारात पोळ्या लाटायच्या की बातम्या सोडायच्या? हे म्हणाले, "मोबाइलवर ऐक ना." बहुतेक घरांत हा प्रश्न असाच सुटला असणार.

चालवणाऱ्यांच्या बाजूनेही बघायला हवं. ए.एम.चा ट्रान्समीटर उधळ्या. पूर्ण ताकदीने आवाज भरला तरी तीनातले दोन भाग ताकद त्या मुक्या लहरीवर जाते, आवाजाच्या वाट्याला एक भाग. मनोराही प्रचंड. ७९२ च्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका उंच मनोरा हवा, म्हणजे ९५ मीटर. शिवाय त्याच्याभोवती जमिनीत चक्राच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरायच्या. त्या मनोऱ्याइतक्याच लांब धरल्या तरी नुसतं ते वर्तुळ सात एकरांचं! शहर वाढत वाढत अशा जमिनीच्या कुंपणाला येऊन टेकलं की तिच्यावर किती डोळे लागत असतील, ते सांगायला नको. वीजबिल वाढतं, सुटे भाग मिळत नाहीत, जाणकार इंजिनियर निवृत्त होतात. आणि ऐकणारे कमी होतात. मोबाइलमध्ये एफ.एम. मावलं, ए.एम. मावलं नाही, कारण त्याचा फेराइटचा दांडा चपट्या फोनमध्ये बसवणं कठीण आणि फोनच्या आतला गोंगाटच त्याला ऐकू देणार नाही.

जगभर हेच चाललं आहे. फ्रान्स आणि जर्मनीच्या सार्वजनिक रेडिओने २०१५ च्या शेवटी मीडियम वेव्ह बंद केली. जपानमधल्या बहुतेक खाजगी ए.एम. केंद्रांनी २०२१ मध्ये जाहीर केलं की २०२८ पर्यंत आपण एफ.एम.वर जाऊ. अमेरिकेत विजेवरच्या मोटारींमधून ए.एम. रेडिओ काढायला सुरुवात झाली, कारण मोटारीच्या मोटरचाच त्यात गोंगाट होतो. तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या संसदेत विधेयक आलं की प्रत्येक गाडीत ए.एम. ठेवाच, संकटाच्या वेळी तोच उपयोगी पडतो. बीबीसीची हिंदी शॉर्ट वेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आपल्याकडेही जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद करून एफ.एम. वाढवायचं, असंच धोरण आहे.

मध्ये एक वाट निघाली होती. डी.आर.एम. नावाची डिजिटल पद्धत, त्याच अरुंद खोलीत स्वच्छ आवाज बसवणारी. आकाशवाणीने गेल्या दशकात पस्तीसेक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर तिच्यासाठी तयार केले. पण सेट महाग आणि दुकानात दिसायलाही मुश्कील. काही मोटारींत ते बसवलेले आले, पण बांधावर बसणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय डिजिटलचा एक स्वभाव आहे. सिग्नल कमी झाला की ते एकदम मुकं होतं. ए.एम. खरखरत, कण्हत का होईना, शेवटपर्यंत काहीतरी सांगत राहतं.

इथे माझा खरा मुद्दा येतो. ए.एम. परत आणा, असं मी म्हणत नाही. गाणी ऐकायला मी स्वतः मोबाइल वापरते आणि तंबोरा पूर्ण ऐकू येतो याचा मला आनंदच आहे. पण २२ जुलै २०२१ आठवा. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. वीज गेली, मोबाइल गेले. पुण्यामुंबईतल्या नातेवाइकांना आपली माणसं माडीवर आहेत की वाहून गेली ते कळत नव्हतं, आणि माडीवरच्या माणसांना पाणी अजून चढणार की उतरणार ते सांगणारं कुणी नव्हतं. मोबाइलचं जाळं पाच-दहा किलोमीटरवर उभ्या असलेल्या मनोऱ्यांवर चालतं, पुरात तेही आपल्याबरोबरच बुडतात. मीडियम वेव्हचं केंद्र शंभर किलोमीटरवर, घाटाच्या पलीकडे, कोरड्या जमिनीवर असू शकतं. ऐकणाऱ्याला लागतात दोन सेल. हे काम करणारी दुसरी इतकी स्वस्त गोष्ट अजून मला कुणी दाखवलेली नाही.

यावर आमचा पुतण्या म्हणतो, "काकू, पण त्या माडीवर सेल घातलेला रेडिओ होता कुणाकडे?" बरोबर आहे त्याचं. ट्रान्समीटर चालू ठेवून भागत नाही, ऐकणारं घरही शिल्लक राहावं लागतं. आणि ते आपण सगळ्यांनी मिळून मोडीत काढलं आहे, सरकारने एकट्याने नाही.

पण निर्णय घेताना कोणता प्रश्न विचारला जातो, ते मला महत्त्वाचं वाटतं. १९४७ नंतरच्या लोकांनी विचारलं, आवाज पोचत नाही असं घर कुठे उरलं आहे? आणि मग ९९ टक्क्यांपर्यंत चिकाटीने गेले. आता विचारलं जातं, किती लोक ऐकतात आणि त्यांच्यामागे खर्च किती? दुसरा प्रश्न चुकीचा नाही, हिशेब ठेवलाच पाहिजे. मात्र त्या हिशेबात शेवटचं घर नेहमी तोट्याचं निघतं. एस.टी.च्या शेवटच्या फेरीचं तसं, वाडीवरच्या चार मुलांच्या शाळेचं तसं. माझी निम्मी नोकरी तशाच शाळांत गेली, म्हणून हा हिशेब मला चांगला ओळखू येतो.

असो. फार लांबलं. जाता जाता एवढंच सांगते. कुणाच्या माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आतले जुने सेल पाझरले असतील, तर कप्पा कोरड्या फडक्याने पुसा, नवे सेल घाला. पावसाळ्यापुरते घाला हवं तर. आणि डोंगराच्या कुशीत राहणारे कुणी नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडे अजून कुठलं केंद्र लागतं ते एकदा विचारून बघा. मीही माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायला सुरुवात केली आहे. सात गावांची उत्तरं आली. चार ठिकाणी आवाज येतो, एका ठिकाणी नुसती खरखर, आणि दोन ठिकाणी पूर्ण गावात मिळून एकही रेडिओ सापडला नाही.